खांद्यापासून डोईपर्यंत दीड वीत : कॉलेज विकास समित्यांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागातल्या पदवीपूर्व कॉलेजांच्या विकास समित्यांचे अध्यक्ष आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वडगावात शिलाईचं दुकान चालवते. ब्लाऊज, फॉल-पिको, इरकलीच्या पदराचे गोंडे, आणि मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे युनिफॉर्म. बैठकीत तुम्ही जो रंग ठरवता, त्याचं थान माझ्या टेबलावर येतं. तुमचा ठराव शेवटी माझ्या कात्रीखालून जातो. त्या नात्यानं, मुलींच्या डोक्यावरच्या स्कार्फबद्दल लिहिते आहे. इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. पुढं शिकता आलं नाही, पण वाचन सोडलं नाही, म्हणून थोडं इतिहासाचंही लिहीन.

५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारनं युनिफॉर्मचा आदेश काढला. उडुपीच्या सरकारी कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात घेतलं नाही, तिथं सुरू झालेलं प्रकरण एव्हाना राज्यभर पसरलं होतं. आदेशानं पदवीपूर्व कॉलेजांचा पोशाख ठरवायचं काम तुमच्या समित्यांकडं सोपवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडं आली. पिशवीतून युनिफॉर्मची ओढणी काढली आणि म्हणाली, "मौशी, ह्याच कापडाचा स्कार्फ शिवून देता काय? रंगात जरा पण फरक नको."

थानातलं उरलेलं कापड माझ्याकडं होतं. पण तिची ओढणी वर्षभर धुतलेली, विटलेली, आणि माझा तुकडा कोरा. तिनं दोन्ही कापडं उंबऱ्यावर नेली, उजेडात शेजारी शेजारी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, चार पाण्यांत रंग जवळ येईल. आई म्हणाली, "चार काय, आज रात्रीच धा पाण्यांतनं काढते." मी स्कार्फ शिवला. कडेला बारीक दुमड घातली, म्हणजे आतून टीप दिसू नये. कपाळावर येणाऱ्या बाजूला जरा तिरका काप दिला, म्हणजे वर्गात सरकू नये.

आठ दिवसांनी आई एकटीच आली. स्कार्फ गेटवर चालला नव्हता. कॉलेजचं नाव मी घेणार नाही, कुणावर ठपका ठेवायला हे पत्र नाही. पण ती मुलगी त्या वर्षी पुन्हा कॉलेजला गेली नाही, आणि तो स्कार्फ माझ्या कपाटात अजून आहे.

त्या दिवशी मी एक गोष्ट मोजून बघितली. युनिफॉर्मची ओढणी सव्वादोन मीटरची. खांद्यावर पिन लावून पुढं व्ही पाडली की तिला तुमची मान्यता. तीच ओढणी वर घेतली की नियमभंग. खांद्याच्या पिनेपासून टाळूपर्यंत मी टेप धरला. बारा इंच भरलं. माझ्या हाताची दीड वीत म्हणा. कापड तेच, रंग तोच, मुलगी तीच.

हे दीड वीत अंतर आपल्याला नवीन नाही. सातशे वर्षांपूर्वी जनाबाईंनी म्हटलं, "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी." वारीत हा अभंग म्हणताना आपण टाळ्या वाजवतो. पण त्यातलं धाडस काय होतं? पदर फेकला नाही, फाडला नाही. डोक्यावरून खांद्यावर आला, एवढंच. आणि तेवढ्यानं बाजार काय म्हणेल, हे ती दासी जाणून होती. पुढच्याच ओळीत ती विचारते, "आता मज मना कोण करी?" तिच्या वेळी पदर डोईवरून खांद्यावर उतरला की गुन्हा, आमच्या वेळी खांद्यावरून डोईवर चढला की गुन्हा. दोन्ही वेळा मनाई करणारा दुसराच कुणीतरी, आणि चालणारी बाई.

माझ्या घरचीच गोष्ट सांगते. १९९७ साली लग्न होऊन मी येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावात आले. सासरे ओसरीवर पाय टाकायच्या आधी खाकरायचे. त्या आवाजासरशी घरातल्या सगळ्या बायांचे हात डोक्याकडं जायचे. चुलीपुढं असो, जात्यापाशी असो, मुलाला अंगावर पाजत असो, हात आपोआप जायचा. मला वर्षभरातच ती सवय लागली, इतकी की रस्त्यात कुणी अनोळखी म्हातारा खाकरला तरी माझा हात वर जायचा.

दिराच्या लग्नाच्या वेळी पायमशीनवर बसून खणाच्या चोळ्या शिवत होते. डोक्यावर पदर घेऊनच. पदराचं टोक पट्ट्याबरोबर चाकात गेलं, मान खाली ओढली गेली आणि कपाळ मशीनवर आपटलं. सासूबाई धावत आल्या. पदर सुटेना. त्यांनी माझ्याच हातातली कात्री घेतली आणि पदर कापून मला सोडवलं. इरकल होती, माहेरची. मला रडू आलं ते कपाळाच्या दुखण्यानं नव्हे, त्या पदरासाठी. सासूबाई म्हणाल्या, "उद्यापास्नं मशीनवर बसताना पदर कमरेला खोच. तुझ्या मामांस्नी काय सांगायचं ते मी सांगतो."

त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून मी डोकं उघडं टाकून शिवायला लागले आणि घरात कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मात्र स्वतःच्या डोक्यावरचा पदर शेवटपर्यंत उतरवला नाही. आजारपणात दवाखान्यात नेलं तेव्हाही आधी पदर सारखा केला, मग स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. त्याशिवाय त्यांना उघडं उघडं वाटायचं. एकाच घरातल्या आम्ही दोघी. मला पदर जाचायचा, त्यांना आधार वाटायचा. त्यांनी माझा पदर कापला, पण स्वतःचा माझ्यावर लादला नाही, आणि मीही कधी "आता काढा की तो पदर" असं त्यांना म्हटलं नाही.

इरकलीचं नाव आलंच आहे तर सांगते. इलकलचे विणकर साडीचं अंग आणि पदर एकाच ताण्यावर काढत नाहीत. पदराचा लाल रेशमी ताणा वेगळा असतो. तो अंगाच्या ताण्याला फासात फास घालून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्या पदरावर कंगवा, ज्वारीचं कणीस, किल्ल्याचा तट अशी नक्षी असते. वडगाव-खासबागेत माग चालवणारी माणसं आहेत, त्यांना विचारा. पदर हा साडीचा आपसूक आलेला शेवट नाही, तो मुद्दाम जोडलेला आहे. पदराला चिकटलेल्या अर्थांचंही तसंच आहे. ते माणसांनी जोडले, आणि वेगवेगळ्या काळात वेगवेगळे जोडले.

आपल्याच राज्यात बघा. बेलूरच्या देवळातल्या मदनिका १११७ च्या सुमाराच्या. हातात आरसा घेतलेली ती सुंदरी सहलीला गेलेल्या प्रत्येकानं बघितली असेल. डोक्यावर पदर नाही, केसांची रचना आणि दागिने आहेत. त्याच शतकातली अक्कमहादेवी. वस्त्रं टाकून केसांनीच अंग झाकलेली अशी तिची परंपरेनं चालत आलेली प्रतिमा आहे, आणि गावोगावचे लिंगायत तिला अक्का म्हणून हात जोडतात. आज त्याच घरांतल्या म्हाताऱ्या बाया डोक्यावर सेरगू, म्हणजे पदर, घेतल्याशिवाय जंगमांच्या पुढं येत नाहीत. दोन्ही गोष्टी इथल्याच आहेत.

आमच्या मराठ्यांत गोषा होता. कुणाच्यात होता? वतनदार, इनामदार, सरदारांच्या घरी. ज्यांच्या बायांना रोपं लावायला शेतात उतरायचं होतं, त्यांना गोषा परवडणारच नव्हता. पावसात त्यांच्या डोक्यावर इरलं असायचं, उन्हात पदराचा पटका, ओझ्याखाली चुंबळ. म्हणून गोषातली बाई म्हणजे मोठ्या घरची बाई. झाकलेलं डोकं घराण्याची ऐपत सांगायचं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी हा गोषा सोडला आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. एवढ्या मोठ्या घरातल्या बाईनं तो सोडला, ही साधी गोष्ट नव्हती.

ही ऐपतीची गोष्ट फार जुनी आहे. इराकमध्ये अश्शूर शहराच्या उत्खननात मातीच्या पाट्यांवर कोरलेले कायदे सापडले. तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यात लिहिलंय की प्रतिष्ठित पुरुषांच्या बायका, विधवा आणि मुलींनी रस्त्यावर डोकं झाकून जावं. दासीनं आणि वेश्येनं झाकता कामा नये. वेश्येनं झाकलं तर पन्नास फटके आणि डोक्यावर डांबर ओतायचं. दासीनं झाकलं तर तिचे कान कापायचे. आणि तिला बघूनही जो तक्रार करणार नाही, त्यालाही शिक्षा. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. डोकं झाकण्याचा इतका जुना लेखी कायदा, आणि त्यात शिक्षा कुणाला, तर झाकणारीला! इस्लामच्या कितीतरी आधीचं हे. म्हणून कुणी डोक्यावरच्या कापडाला एकाच धर्माचं म्हणू लागलं की मला त्या पाट्या आठवतात.

आपल्याकडं विधवेचं काय होतं? केशवपन आणि आलवण. केस भादरायचे आणि त्या बोडक्या डोक्यावर लाल आलवणाचा पदर कपाळाच्या खाली ओढायचा. इथं झाकणं म्हणजे मान नव्हता, शिक्षा होती. १८९० च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंडे त्या कामात पुढं होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. तुमच्या हातात आज शिक्का आहे, म्हणून ही आठवण काढली.

आणि महाड. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या बायांना सांगितलं की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर लादलेले जड दागिने टाका. बाया ऐकून घरी गेल्या आणि नेसण बदललं. कापड वीतभर खाली आलं आणि जातीची खूण पुसली. कापडाच्या उंचीत सत्ता असते, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

परदेशातलं आणखी एक उदाहरण सविस्तर सांगते. इराणमध्ये १९३६ साली रझा शाहनं डोकं झाकायला बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायांच्या डोक्यावरची चादर ओढून काढायचे. कितीतरी बाया त्यापायी घराबाहेर पडेनाशा झाल्या. १९७९ साली क्रांती झाली आणि १९८३ पर्यंत डोकं झाकणं सक्तीचं झालं. आजीच्या डोक्यावरचं कापड पोलिसानं ओढलं, आणि नातीनं ते नीट बांधलंय की नाही हेही पोलीसच बघणार. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी तिथल्या पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, आणि हजारो बायांनी भर रस्त्यात डोक्यावरची कापडं काढली, काहींनी जाळली. इजिप्तच्या हुदा शारावींनी १९२३ मध्ये कैरोच्या रेल्वे स्टेशनवर चेहऱ्यावरचा बुरखा काढला होता, पण तो स्वतःच्या हातानं.

आता आपल्या गावाकडं येते. आमच्या बेळगावात कापडाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. १ नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, एका रस्त्यानं कन्नड झेंड्याच्या लाल-पिवळ्या पट्ट्या जातात, दुसऱ्या रस्त्यानं सीमाप्रश्नासाठी काळा दिवस पाळणाऱ्या मराठी माणसांच्या काळ्या फिती. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं आमच्या मुली नऊवारी नेसून भगवे फेटे बांधून लेझीम खेळतात. फेटा हा पुरुषाचा मान. मुलींनी तो डोक्यावर घेतला तेव्हा काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आज तेच लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. २०२२ च्या त्या दिवसांत राज्यात कुणी भगवी शाल घेऊन कॉलेजला गेलं, चिक्कमगळूरला कुणी निळी शाल घेऊन मुस्लिम मुलींच्या बाजूनं उभं राहिलं. आणि रोज सकाळी स्कूटीवरून जाणाऱ्या आपल्या सगळ्या मुली धुळीला-उन्हाला स्टोल बांधून फक्त डोळे उघडे ठेवतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बाया नाकातोंडावर फडकं आणि डोक्याला कापड गुंडाळून तंबाखू चाळतात. ह्याच बायांनी १९८० च्या आसपास संघटना बांधून वखारवाल्यांना नमवलं. त्या कापडाखाली कोण कुठल्या धर्माची, हे वखारीत कुणी विचारत नव्हतं. मजुरी मात्र सगळ्यांनी मिळून मागितली.

समित्यांत जे मराठी सभासद आहेत त्यांना एक सांगायचंय. दुकानावरची पाटी कुठल्या भाषेत, किती मोठ्या अक्षरात, हे दुसऱ्यानं ठरवलं की आपल्या पोटात कसं तुटतं? दोन भाषांत पाटी लावली म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं आपण सत्तर वर्षं विचारत आलो. मग गेटवर उभ्या असलेल्या त्या मुलीला काय वाटलं असेल, हे आपल्याला तरी समजावून सांगायची गरज पडू नये. कन्नड सभासदांनाही मी परकी समजत नाही. माझी अर्धी गिऱ्हाईकं कन्नड बोलतात आणि माप सांगताना आम्ही दोन्ही भाषा मिसळतो.

युनिफॉर्म म्हणजे समानता, असं तुम्ही म्हणता. मला ते मान्य आहे. युनिफॉर्म नसता तर गरिबाच्या मुलीचे दोनच ड्रेस सगळ्या वर्गाच्या डोळ्यांवर आले असते. एका थानातून वकिलाच्या आणि हमालाच्या मुलीचा कुर्ता कापताना मला बरं वाटतं. पण त्याच थानातून कापलेला स्कार्फ त्या समानतेला कसा छेद देतो, ते मला टेबलावर कापड अंथरून दाखवा. उच्च न्यायालयापुढं गेलेल्या मुलींचंही हेच मागणं होतं, युनिफॉर्मच्याच रंगाचा चालवून घ्या. १५ मार्च २०२२ ला निकाल त्यांच्या विरोधात गेला. हिजाब हा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे की नाही, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. कुराणातल्या आयतींचा अर्थ मुस्लिम अभ्यासक शतकानुशतकं लावत आलेत, मी त्यात पडत नाही. माझ्या सासूबाईंचा पदर हिंदू धर्माचा अत्यावश्यक भाग होता का? कुणी सिद्ध करू शकलं नसतं. त्यांना मात्र तो आवश्यक होता.

१३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि प्रकरण योग्य खंडपीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडं पाठवायचं ठरलं. न्यायमूर्ती धुलिया यांनी लिहिलेला भाग मला पटला. हा शेवटी त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे असं ते म्हणाले, आणि खेड्यातली मुलगी घरची धुणीभांडी उरकून शाळेत येते, हिजाबपायी शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य काही चांगलं करतोय का, असं त्यांनी विचारलं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून दोन बस बदलून येणाऱ्या मुली तुमच्याच कॉलेजांत आहेत. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"घरूनच जबरदस्ती होते," हा दुसरा मुद्दा. होते. काही घरांत नक्की होते, जशी माझ्या सासरी व्हायची. अशा मुलीला गेटवरून परत पाठवलं की ती कुठं जाते? ज्यांनी जबरदस्ती केली त्यांच्याच घरी जाते, आणि आता दिवसभर तिथंच राहते. कॉलेज ही एकच जागा होती जिथं चार वेगळ्या डोक्यांच्या मुली शेजारी बसून तिच्याशी बोलल्या असत्या. मलाही बी.ए.च्या वर्गातल्या मैत्रिणींनी विचारलं होतं, "लग्नानंतर पदर घेणार तू?" तो प्रश्न माझ्याबरोबर सासरी आला आणि मशीनपाशी कामाला आला.

मुस्लिम मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना आणि आमच्या गावच्या पंचांनाही हेच सांगते. ज्या मुलीला स्कार्फ नको, तिच्या डोक्यावर तो ठेवू नका, तिच्या नावानं कुजबुजू नका. सुनेनं पदर घेतला नाही म्हणून हळदी-कुंकवाला तिला मागं बसवू नका. समितीच्या गेटला मी जे म्हणते, तेच घराच्या उंबऱ्याला म्हणते.

आता मागणं. पोशाखाचा ठराव करायच्या आधी त्या कॉलेजातल्या मुलींना बैठकीत बोलवा. आमदार अध्यक्ष असतात, गावातली वजनदार माणसं सभासद असतात, त्यांच्यापुढं सोळा वर्षांची मुलगी बोलायला घाबरेल. म्हणून तिची आई, तिची बाई सोबत येऊ द्या. जिला डोकं झाकायचंय तिला युनिफॉर्मच्याच कापडाचा, चेहरा उघडा राहील असा स्कार्फ चालेल, जिला नको तिला कुणी विचारणार नाही, एवढी एक ओळ ठरावात लिहा. कुठल्याच मुलीला गेटवर, सगळ्यांसमोर, डोक्याला हात लावायला सांगू नका. वर्ग, परीक्षा, प्रॅक्टिकल चुकेल असं काही करू नका.

खर्चाचं म्हणाल तर एका स्कार्फला सव्वा मीटर कापड लागतं, आणि मोठ्या पन्ह्याचं असेल तर त्याहून कमी. युनिफॉर्मचे कुर्ते कापताना थानाला थोडं उरतंच. शिलाईचे पैसे मी घेणार नाही. फक्त मेच्या पहिल्या आठवड्यात कळवा, म्हणजे थान मागवतानाच तेवढं कापड जास्त सांगता येईल. एकाच खेपेच्या थानातलं असलं की रंगात फरक पडत नाही.

आपली,
वडगावातली एक शिलाईवाली